बार्शी लाईटचे रूळ आणि घरातला जुना पीसी

बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला जाणारी 'बार्शी लाईट' ही अडीच फुटी गेजची रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती आखली होती. हलके रूळ, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही हा दंडक, एवढ्या आधारावर त्याने बार्शीची बाजारपेठ मुंबईच्या मुख्य मार्गाला जोडून दिली. पुढे हा मार्ग एका बाजूला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत वाढला. वैरागला तो कधी आला नाही. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या या पेठेतल्या माणसाने गाडी धरायची ती बार्शी गाठूनच. ही गाडी पहिल्या दिवसापासून सावकाश चालणारी होती आणि शंभर वर्षे सावकाशच चालली. त्या सावकाशपणामुळे ती बंद पडली असती तर केव्हाच पडली असती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि अडीच फुटी चाकांना टेकायला जागा उरली नाही. मार्ग बंद होईपर्यंत जे इंजिन डबे ओढत होते, ते नव्या रुळांवर उभेसुद्धा राहू शकत नव्हते. त्याच्या अंगातली ताकद होती तेवढीच होती, भोवतालची मापे बदलली होती.

घरातल्या जुन्या संगणकाचेही असेच होते, असे माझे म्हणणे आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत जे पीसी आले आणि गेले, त्यांच्या जाण्याचे कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: स्लो झाला होता. टेबलाखालच्या अख्ख्या पेटीला आपण 'सीपीयू' म्हणतो, त्यामुळे पेटी निकामी झाली म्हणजे आतला प्रोसेसरच म्हातारा झाला, हा समज आपोआप पक्का होतो. पण २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर वीस वर्षांनीही २.४ गिगाहर्ट्झनेच चालतो. त्याच्या पंख्यात धूळ साठते, वरची पेस्ट वाळते, सोलापूरच्या उन्हाळ्यात तो तापतो आणि तापला की स्वतःहून वेग उतरवतो, हे खरे आहे. हार्ड डिस्क तर झिजतेच. ही दुखणी मात्र एका ब्रशने आणि एका नव्या डिस्कने बरी होणारी आहेत. 'फॉरमॅट मारला' की तोच पीसी पुन्हा पळायला लागतो, हा अनुभव प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या दुकानात रोजचा. फॉरमॅटमध्ये प्रोसेसरला कोणी हातही लावत नाही. मग बदलले काय? वैरागच्या माणसाला हे साखर कारखान्याच्या भाषेत चटकन सांगता येईल. गाळप क्षमता कागदावर कितीही असो, गव्हाणीत ऊस आला नाही तर हंगाम होत नाही. प्रोसेसरचा वेग ही गाळप क्षमता आहे आणि सॉफ्टवेअर हा ऊस. संगणक म्हातारा होतो तो त्याच्यासाठी सॉफ्टवेअर येणे थांबले की, आणि मराठीतून काम करणाऱ्याच्या संगणकावर हे म्हातारपण लवकर आणि जरा वेगळ्याच रूपात आले.

जगातला घरगुती संगणकांचा इतिहासही हेच दाखवतो. कमोडोर ६४ हा संगणक १९८२ साली बाजारात आला तेव्हा त्याचा प्रोसेसर सुमारे १ मेगाहर्ट्झचा होता, आणि १९९४ साली कंपनी बुडेपर्यंत तो तेवढ्याच वेगाचा विकला गेला. त्याच्यासाठी नवे खेळ, नव्या प्रणाली लिहिणारे लोक होते, म्हणून बारा वर्षे लोक तो घेत राहिले. उलट बाजूचे उदाहरण ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे. १९८७ साली तिने आर्किमिडीज नावाचा संगणक काढला. त्यातला एआरएम प्रोसेसर त्या काळच्या घरगुती संगणकांना वेगात सहज मागे टाकत होता. पण त्याच्यासाठी सॉफ्टवेअर तुटपुंजे, जे होते ते बहुतेक ब्रिटिश शाळांपुरते. बाजार धिम्या पीसीच्या मागे गेला, कारण हवी ती प्रणाली पीसीवर मिळत होती. गंमत अशी की त्याच एआरएमचे वंशज आज वैरागमधल्या जवळजवळ प्रत्येक खिशात आहेत. मधल्या काळात त्या जातीच्या प्रोसेसरसाठी अँड्रॉइड आणि त्यावरची लाखो ॲप तयार झाली, आणि हरलेले घराणे जिंकले. आपल्या देशातही याच एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक १९८४-८५ मध्ये 'क्लास' या सरकारी योजनेतून शाळांमध्ये आले होते. २ मेगाहर्ट्झचा तो संगणक त्या दिवसांत मुलांना शिकवायला पुरेसा होता. पण सोबत आलेले धडे मुख्यतः इंग्रजीतले. मराठी शाळेतल्या मुलाला त्यात शिकायला फारसे काही नव्हते, आणि मराठी धडे लिहिण्याची सोय जवळजवळ शून्य.

मराठी त्या काळात संगणकावर यायची ती चक्क हार्डवेअरच्या रूपात. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान हे डॉसच्या जमान्यातले फार मोठे काम होते. मोहन तांबे हे त्यामागचे प्रमुख नाव. जिस्टचे कार्ड मदरबोर्डच्या आयएसए खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालींतही देवनागरी उमटायची. ते कार्ड आजही कुठल्या कपाटात धडधाकट सापडले तर बसवणार कुठे? २००० सालच्या आसपास मदरबोर्डवरून आयएसए खाचच नाहीशी झाली. म्हणजे आपल्या भाषेचे पहिले साधन निरुपयोगी झाले तेही भोवतालचे माप बदलल्यामुळेच. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे विंडोजच्या काळात तीच गोष्ट फॉन्टच्या रूपाने पुन्हा घडली.

२००१ हे वर्ष आपल्या गावांच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर मोठ्या गावांत शिकवणीची केंद्रे निघाली, घरात सरावासाठी असेंबल्ड पीसी आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी आली. त्याच वर्षी पानाची मांडणी करणाऱ्या पेजमेकरची सातवी आवृत्ती निघाली, आणि ती शेवटची ठरली. या तिन्ही गोष्टी एका टेबलावर एकत्र आल्या. वैरागसारख्या पेठेत घरचा संगणक हा पुष्कळदा अर्धा घरचा आणि अर्धा धंद्याचा असतो: पुढच्या खोलीत डीटीपी, लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थेचे अहवाल, यात्रेच्या जाहिराती. या कामाचा साचा सगळ्या महाराष्ट्रात एकच होता. एक्सपी, पेजमेकर किंवा कोरलड्रॉ, आणि मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम किंवा आकृती. सोबत नक्कल रोखणारे एक हार्डवेअर लॉक, पूर्वी प्रिंटरच्या समांतर पोर्टमध्ये खोवलेले, नंतर यूएसबीत.

या फॉन्टांची रचना जवळून पाहिली तर पुढची सगळी कथा उलगडते. श्री-देव-०७१४ किंवा डीव्ही-टीटी सुरेख यांसारखा फॉन्ट संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच. रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची आणि डॉलरची खूण यांच्या जागांवर देवनागरीचे सुटे अवयव बसवलेले होते: इथे काना, तिथे अर्धा न, तिसऱ्या घरात रफार. टाइप करणारा 'आमचे येथे श्रीकृपेकरून' लिही, तेव्हा फाइलमध्ये साठे ती निरर्थक रोमन चिन्हांची रांग; तिला मराठी रूप देई तो फॉन्ट. पडद्यावर आणि बटर पेपरवर ते रूप इतके देखणे येई की आजही अनेक जुने मुद्रक त्या वळणांची आठवण काढतात. पण ती फाइल फॉन्ट नसलेल्या पीसीवर उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस आणि डॉलर दिसत. शिवाय प्रत्येक कंपनीच्या घरांची मांडणी निराळी, म्हणजे श्री-लिपीतला मजकूर आकृतीला वाचता येत नसे. म्हणून वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका, गावोगावच्या संस्थांचे सगळे लिखित जीवन, एका विशिष्ट विंडोजला, एका विशिष्ट पेजमेकरला आणि एका लॉकला बांधले गेले. पेजमेकर एक्सपीनंतरच्या विंडोजसाठी कधी बनवलेच गेले नाही.

आता माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा इथे मिळतो. वेग हाच कळीचा मुद्दा असता तर या पुढच्या खोल्यांतले पेंटियम ४ दहा वर्षांपूर्वीच भंगारात जायला हवे होते. प्रत्यक्षात घरातले दुसरे, नवे आणि चपळ लॅपटॉप येऊन जाऊन झाले, आणि डीटीपीचा जुना पीसी मात्र कपडा पांघरून जागेवर राहिला. त्याचे एसएमपीएस बदलले गेले, फुगलेले कपॅसिटर बदलले गेले, जुन्या रॅमच्या पट्ट्या सोलापूर-पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणल्या गेल्या. इतकी माया कशासाठी? कारण त्याच्यावर चालणारे सॉफ्टवेअर दुसरीकडे कुठे चालत नव्हते. सॉफ्टवेअर असेल तर धिमा संगणकही जगतो, याचे याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

आणि त्याच पीसीच्या दुसऱ्या अंगाला दुसरा पुरावा आहे. देवनागरी १९९१ पासून युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतात आहे. विंडोजमध्ये ती २००० सालच्या आवृत्तीपासून मंगल फॉन्टसह आली. पण एक्सपीत युनिकोड मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमधल्या भाषेच्या पानावर एका चौकोनात खूण करावी लागे, आणि खूण केली की विंडोज मूळ सीडी मागे. गावोगावच्या असेंबल्ड पीसींवर विंडोज टाकलेली असे ती बहुतेक परवान्याशिवायची, टाकणारा आपली सीडी घेऊन परत गेलेला. सीडी नसली की वेबसाइटवरचे मराठी असे दिसे: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे बसण्याऐवजी पलीकडे जाऊन बसलेली, जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली, रफार डोक्यावर चढण्याऐवजी मोडका र होऊन शेजारी उभा. त्याच घटकेला, त्याच पडद्यावर, त्याच प्रोसेसरवर श्री-लिपीतली लग्नपत्रिका मात्र निर्दोष दिसत असे. एकाच यंत्रावर एक मराठी धडधाकट आणि दुसरी लंगडी. यात वेगाचा संबंध कुठे येतो? पुढे २००८ साली युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आले. एक्सपीचा मंगल त्याआधीचा, त्यामुळे जो 'ॲ' अक्षरशः प्रत्येक सरकारी सूचनेत येऊ लागला, 'ॲप', 'ॲडमिशन', 'ॲक्ट', त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू लागला. २०१० साली रुपयाचे नवे चिन्ह आले. त्याची दुरुस्ती व्हिस्टाला आणि सेव्हनला मिळाली. इंग्रजीत काम करणाऱ्याचा जुना संगणक या काळात फक्त जुना दिसत होता. मराठीत काम करणाऱ्याचा संगणक निरक्षर होत चालला होता.

मग सरकारी कामे ऑनलाइन होत गेली. २०११ पासून 'संग्राम' योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक आले, २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला, आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. सातबारा म्हणजे शेवटी काय, एका कागदावर मावेल एवढा मजकूर आणि एक तक्ता. तो दाखवायला फार मोठ्या प्रोसेसरची गरज नाही. तरी जुन्या पीसीवर अशी पाने उघडेनाशी झाली. एक्सपीचे स्वतःचे एनक्रिप्शन जुन्या पद्धतीचे होते; २०२० मध्ये ब्राउझरांनी ती जुनी पद्धत बंद केली आणि वेबसाइटींनीही तिला दार लावले. गूगल क्रोमने एक्सपीला नवी आवृत्ती देणे २०१६ मध्ये थांबवले, फायरफॉक्सने २०१८ मध्ये. कधी कधी कारण याहूनही क्षुल्लक असे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल संपला की पीसीची तारीख मागे कुठल्यातरी एक जानेवारीला जाऊन बसते. वेबसाइटचे प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मालाच आलेले नसते, आणि ब्राउझर धोक्याची लाल पाटी दाखवून दार बंद करतो. ती पाटी पाहून 'पीसी आता चालत नाही' असा निष्कर्ष निघे. काही रुपयांच्या सेलचा दोष प्रोसेसरच्या नावावर जमा होई.

इथे एक जाणता आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ब्राउझर जुन्या प्रोसेसरवर चालत नाहीत हे तर खरे ना, मग दोष प्रोसेसरचाच झाला. क्रोमने २०१४ मध्ये आणि विंडोजवरच्या फायरफॉक्सने २०१६ मध्ये एसएसई२ नावाचा आज्ञांचा संच नसलेले प्रोसेसर वगळले, हे खरे. पण वगळले कोण? एएमडीचा ॲथलॉन एक्सपी त्या काळी आपल्या असेंबल्ड पीसींत स्वस्त म्हणून पुष्कळ बसवला जायचा. त्याचा २८००+ हा नमुना २ गिगाहर्ट्झहून थोडा जास्त वेगाने चाले आणि इंटेलच्या २००० सालच्या पहिल्या, १.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला तो कामात सहज मागे टाकी. पण त्याच्याकडे एसएसई२ नव्हते आणि त्या पहिल्या पेंटियम ४ कडे होते. म्हणजे दोघांतला चपळ होता तो बाहेर राहिला आणि मंद होता तो आत गेला. प्रोसेसर कारण ठरला खरा, पण त्याचा वेग नव्हे. त्याला एक विशिष्ट बोली येत नव्हती, आणि कोणत्या बोलीत लिहायचे हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ठरवले होते. हीच गोष्ट अलीकडे मोठ्या प्रमाणावर घडली. विंडोज ७ ची २००९ सालची किमान अट १ गिगाहर्ट्झ होती. ८ ची तीच, १० ची तीच, आणि २०२१ साली आलेल्या ११ चीही वेगाची अट १ गिगाहर्ट्झच आहे. बारा वर्षांत वेगाचा आकडा जागचा हलला नाही. हलली ती यादी: ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळ मानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. परिणाम असा की २०१७ च्या सुरुवातीला आलेला आय७-७७००, चार गाभ्यांचा, ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा, यादीत नाही. आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेला दोन गाभ्यांचा, १.१ गिगाहर्ट्झचा सेलेरॉन एन४००० यादीत आहे. ज्यांनी दोन्ही वापरले आहेत त्यांना यातला फरक सांगायला नको. बैलाच्या ताकदीवरून बाजार ठरत नाही, त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरून ठरतो, अशी ही स्थिती.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जुन्या प्रणाली बंद करणे ही कंपन्यांची लहर नाही, त्यांत भोके असतात, आणि पतसंस्थेचे हिशेब किंवा लोकांचे आधार क्रमांक ज्या संगणकावर हाताळले जातात तो असुरक्षित ठेवणे बरे नाही. हे मला मान्य आहे. जुना एक्सपीवाला पीसी इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे काम करा, असे मी कधीच म्हणणार नाही. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट त्याला टेकू देतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढून दिली. त्याहून बोलके असे की दुकानांतल्या बिलाच्या यंत्रांसाठी असलेल्या एक्सपीच्याच भावंडाला, पॉसरेडी २००९ ला, एप्रिल २०१९ पर्यंत नियमित दुरुस्त्या मिळत राहिल्या. गाभा तोच, धिमे प्रोसेसर तेच. सुरक्षा देणे यंत्राच्या ताकदीबाहेरचे नव्हते. कोणासाठी द्यायची आणि कोणासाठी नाही, हा निर्णय होता. तो घेण्याचा कंपनीला हक्क आहे, त्याला खर्च येतो, हेही मान्य. मात्र मग घरातल्या माणसाला 'तुमचा प्रोसेसर जुना झाला' असे सांगू नये, 'तुमच्या यंत्रासाठी आम्ही लिहिणे थांबवले' असे सांगावे. दोन्हींत पैसे खर्च होतात, पण दुसऱ्यात निदान खरे कारण कळते.

वेग जिथे खरोखर तोकडा पडतो ती जागाही सांगितली पाहिजे. आजचा व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून पाठवला जातो, तो उलगडायला पेंटियम ४ ला झेपत नाही, आणि मुलांचे वर्ग व्हिडिओवर भरू लागले तेव्हा या पीसींचा निरुपाय झाला. तिथे सॉफ्टवेअर मिळूनही भागले नसते. मेमरीचेही तसेच: इंटेल ८४५ चिपसेटच्या मदरबोर्डवर सहसा २ जीबीपेक्षा जास्त रॅम बसत नाही, आणि आजच्या ब्राउझरला चार पाने उघडायला तेवढी पुरत नाही. वीज हा तिसरा मुद्दा. जुना पेंटियम एकटाच जेवढी वीज खातो तेवढ्यात आजचा छोटा डेस्कटॉप सगळा मिळून चालतो, आणि महिन्याच्या बिलात हे दिसते. या तिन्ही बाबतींत नवे यंत्र घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण ज्या गावांत संगणकाचे मुख्य काम टाइप करणे, फॉर्म भरणे, उतारा काढणे आणि छापणे हे आहे, तिथे या तीन अडचणी शेवटच्या टप्प्यावर येतात. त्याआधीच यंत्र दुसऱ्या कारणाने अडगळीत गेलेले असते.

शेवटचा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा, आणि तो मला सर्वांत आदराने ऐकावासा वाटतो. लिनक्स टाका, ते म्हणतात. सी-डॅकने स्वतः २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय भाषांची प्रणाली दिली, लोहित आणि मुक्तसारखे फॉन्ट फुकट आहेत, लिब्रे ऑफिस आहे, जुना पीसी पुन्हा चालू लागतो. अनेक ठिकाणी तो चालू लागलाही. हे खरे आहे म्हणूनच माझे म्हणणे सिद्ध होते: यंत्र तेच, प्रोसेसर तोच, केवळ सॉफ्टवेअर मिळाले आणि मेलेले उठले. मग हा मार्ग वैरागसारख्या गावांत रुळला का नाही? एक तर जुन्या पत्रिका आणि अहवाल श्री-लिपीत अडकलेले. त्यांचे युनिकोड करून देणारी साधने आहेत, पण ती मजकूर सोडवतात, पानाची मांडणी नाही. दुसरे, टेबलावरचा कॅनन एलबीपी २९०० सारखा प्रिंटर, जो लहान दुकानांत घरोघर आहे, विंडोजवर निमूट चालतो आणि लिनक्सवर चालवायला जाणकार लागतो. तिसरे, बोटे. टाइपरायटरच्या मांडणीवर मराठी तीस-चाळीसची परीक्षा दिलेल्या माणसाला इनस्क्रिप्टची वेगळी मांडणी शिक म्हणणे म्हणजे उजव्याने लिहिणाऱ्याला डाव्याने लिही म्हणणे. आणि चौथे, माणूस. एमएस-सीआयटीने आपल्याला संगणक शिकवला तो विंडोजच्या रूपात. दुरुस्ती करणारा पोरगा बार्शीहून येतो तो विंडोजच टाकून देतो. सॉफ्टवेअरची उपलब्धता म्हणजे इंटरनेटवरून डाउनलोड होणारी फाइल एवढेच नसते. ते टाकून देणारा, अडले तर फोनवर सांगणारा, फॉन्ट बदलला तर कळणारा माणूस गावात असणे, हा त्या उपलब्धतेचा अर्धा भाग आहे. बार्शी लाईट गेली तरी कुर्डुवाडीची वर्कशॉप टिकली आणि नेरळ-माथेरानच्या छोट्या गाड्यांची कामे करत राहिली, ती तिथल्या कामगारांच्या हातात अरुंद गेजचे कसब होते म्हणून. लिनक्सला आपल्या तालुक्यांत अशी वर्कशॉप मिळाली नाही. आणि आता तो मार्गही अरुंद होतो आहे: उबुंटूने ३२ बिटी डेस्कटॉप देणे २०१७ मध्ये थांबवले, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२ बिटी पीसीसाठी वेगळे इन्स्टॉलर दिले नाही. कारण तिथेही तेच, त्या यंत्रांसाठी काम करणारे हात कमी झाले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. जाहीर केलेली मुदत संपायच्या आधी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाच्या सुरक्षा दुरुस्त्या देऊ केल्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत: तीस डॉलर भरा, किंवा आपल्या सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यावर ठेवा. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना तेच वर्ष पैशाची किंवा बॅकअपची अट न घालता मिळाले. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या घरातला आय७-७७०० आणि युरोपातल्या घरातला आय७-७७०० यांत सिलिकॉनचा कणभर फरक नाही. त्यांच्या उरलेल्या आयुष्याची अट मात्र वेगळी आहे, आणि ती लिहिली गेली आहे प्रोसेसरच्या कारखान्याबाहेर, सॉफ्टवेअर कंपनीच्या कार्यालयात.